पोपडा

औशाच्या बाजारात, गुळाच्या दुकानाच्या सावलीला
दुरपदाबाई पोतं अंथरून बसते.
तिचे टमाटे एकासारखा एक नाहीत.
कुणी चपटा, कुणाला घड्या पडलेल्या,
कुणी देठाजवळ हिरवाच राहून गेलेला,
दोन-तीन फुटलेले, आणि फुटल्याची लाज नसलेले.
ती त्यांना बेलवांगी म्हणते.

मी म्हणालो, थोडं बी द्या. पैसे सांगा.
तिने तराजूवरून नजर काढली नाही.
"बी इकायचं नसतंय. टमाटा घ्या,
बी तुमचं तुमी काढा."

मी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतो.
काढणं, गाळणं, चिठ्ठी लावणं हा तर रोजचा धंदा.
तरी चुकलो. चिकट बी तसंच पेरलं,
दोन रोपं आली, मान टाकून गेली.
पुन्हा तिच्यापुढे उभा राहिलो.
"आंबवलं का?" एवढंच विचारलं तिने.

मग पेल्यात गर, वर फडकं, तीन दिवस.
दुसऱ्या दिवशी वास. तिसऱ्या दिवशी पांढरी साय.
उज्ज्वला म्हणाली, दवाखान्यातलं दवाखान्यात ठेवत जा.
साय काढली, पाणी ओतलं.
हलकं बी तरंगलं, जड तळाशी बसलं.
तळाचं मोजलं: एकेचाळीस.
सवय आहे, मी पेशीसुद्धा मोजतो.

पोळा झाल्यावर घमेल्यात माती कालवली.
नुसती काळी घेतली तर आज चिखल, उद्या भेगा,
म्हणून शेणखत, म्हणून दोन ओंजळी वाळू.
आमच्याकडे नळ नवव्या दिवशी येतो.
तांदळाचं धुवण, भाजीचं धुवण,
फिल्टरने टाकून दिलेलं,
सगळं बादल्यांत रांग लावून उभं.

येळवशीच्या आठ दिवस आधी पहिला पिकला.
अंगठा आत घेऊन वळलेल्या मुठीसारखा.
तिथंच उभ्यानं खाल्ला, मीठ आणायलाही गेलो नाही.
त्याच्या मागचा त्याहून मोठा होता.
त्याच्या देठाला लाल दोरा बांधला: हा बियाचा, हा खायचा नाही.
लिहिताना सोपं वाटतं.
रोज सकाळी दात घासत मी त्याच्यापुढून गेलोय.

तिसरा तिला नेऊन दिला.
तिने देठाशी नाक नेलं,
लुगड्याला पुसला, चावला.
रिपोर्टची वाट बघणारी माणसं कशी उभी असतात
ते मला तेव्हा कळलं.
"पाणी लई पाजालाव तुमी," ती म्हणाली.

मग सुटे पैसे मोजता मोजता सांगू लागली.
सासू बी राखेत कालवायची,
चुलीच्या वरच्या अंगाला भिंतीवर थापायची,
मुंगीला सापडू नये म्हणून.
त्या पहाटे जमीन हलली आणि भिंत राहिली नाही.
सासूही.
"आठव्या दिशी ढिगाऱ्यात पोपडा घावला, तळहाताएवढा.
बाकीचे भांडी हुडकत होते.
म्या पोपडा पदरात बांधला.
लोकं म्हणले, हिचं डोकं फिरलं."
पत्र्याच्या शेडपुढं पहिलं झाड आलं,
त्याचा एकही टमाटा कुणी खाल्ला नाही.
"हां, बोला, अर्धा किलो का?"
हे मला नव्हतं, मागच्या गिऱ्हाइकाला.

घरी येऊन एक बादली कमी केली.
दोऱ्याचा टमाटा पार मऊ पडल्यावर तोडला,
आंबवला, धुतला, बी राखेत कालवलं.
दोन कुप्या भरल्या, तारखेच्या चिठ्ठ्या लावल्या.
उरलेलं मागच्या भिंतीला थापलं,
दिवाळीतच पिस्ता रंग दिलेल्या.

आज मठपती भाडं न्यायला आले.
चहा झाला. हात धुवायला मागे गेले
आणि तिथंच थांबले.
"हे काय हो?"
ओलं आहे अजून, मी म्हणालो,
हात लावू नका.